टीव्हीवरचा टोंटो आधी लॅक्रॉसचं मैदान गाजवत होता

काळा मुखवटा घातलेला लोन रेंजर आणि सोबत घोड्यावर टोंटो. १९४९ ते १९५७ या काळात अमेरिकन टीव्हीवर ही जोडी तुफान गाजली. पण टोंटो झालेला जे सिल्व्हरहील्स मुळात लॅक्रॉसचा प्रोफेशनल खेळाडू होता.

लॅक्रॉस म्हणजे काय, तर टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा. हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. सिल्व्हरहील्स त्यांच्यातलाच, मोहॉक जमातीचा. खरं नाव हॅरॉल्ड स्मिथ, म्हणजेच हॅरी. जन्म १९१२ चा, कॅनडातल्या सिक्स नेशन्स वस्तीतला.

कॅनडात आइस हॉकीची स्टेडियम उन्हाळ्यात रिकामी पडायची. १९३१ च्या सुमारास मालकांनी तिथे बॉक्स लॅक्रॉसचे सामने भरवायला सुरुवात केली. हॅरी त्यात उतरला आणि चमकला. १९३७ मध्ये टीमसोबत तो लॉस एंजेलिसला गेला. तिथे विनोदी अभिनेता जो ई. ब्राऊनने त्याला हेरलं आणि स्क्रीन टेस्ट द्यायला लावली.

पण सिनेमात वाट्याला आले किरकोळ रोल. पुढे टोंटोने प्रसिद्धी दिली, मात्र हा टोंटो मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा, कायम हिरोच्या मागे राहणारा. त्यावर मूळ रहिवाशांनी टीकाही केली.

१९६० च्या दशकात सिल्व्हरहील्सने आपल्या लोकांना अभिनय शिकवण्यासाठी इंडियन अॅक्टर्स वर्कशॉप उभं केलं.

१९८० मध्ये तो गेला. १९९७ मध्ये कॅनडाच्या लॅक्रॉस हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली. तिथेही नाव लागलं, हॅरी 'टोंटो' स्मिथ.