कॅन्सरचा वास घेणारे यंत्र आणि डॉ. वसंत खानोलकर

नळीत फुंकर मारली की कॅन्सर आहे की नाही ते सांगणाऱ्या यंत्राचे व्हिडिओ आता देवबागच्या मोबाइलवरही येतात. तुम्हीही पाहिले असतील. अडचण एवढीच, की त्या यंत्राची वाट पाहत तोंडातली जखम तशीच राहते. म्हणून आधी एका डॉक्टरांची ओळख करून देतो.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 1895 चा. आडनाव आपल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोलीचे. 1923 मध्ये लंडन विद्यापीठातून ते पॅथॉलॉजीत एम.डी. झाले आणि मुंबईत प्राध्यापक झाले. 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

मायक्रोस्कोपखाली गाठ पाहून ते थांबले नाहीत. हा माणूस खातो काय, चघळतो काय, नेसतो काय, हेही त्यांनी विचारले. 1945 मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी सवयींशी जोडलेल्या तीन प्रकारच्या कॅन्सरवर निबंध लिहिला. खैनीची चिमूट जिथे दाबून ठेवतात, तिथेच ओठाच्या आत कॅन्सर. धोतर कमरेला जिथे घट्ट कसतात, तिथल्या कातडीचा कॅन्सर. आज हे साधे वाटते, पण रोगाची जागा आणि रोजची सवय अशी शेजारी ठेवून पाहणे हे मोठे काम होते. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या घरांनी ते आजही लक्षात घ्यावे.

1952 मध्ये मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते संस्थापक संचालक. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पद्मभूषणही मिळाले. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चार वर्षांनी, 1982 मध्ये, इंग्लंडमध्ये पर्साद आणि डॉड यांनी इलेक्ट्रॉनिक नाकाचा नमुना मांडला. श्वासात शेकडो प्रकारची वायुरूप द्रव्ये अगदी थोडी थोडी असतात, आणि आजारात त्यांचे प्रमाण बदलू शकते. यंत्रातल्या सेन्सरना ती लागली की त्यांचा विद्युत रोध बदलतो. बांगडा तळतोय हे तुम्ही एकेक घटक मोजून ओळखत नाही, एकूण वासावरून ओळखता. यंत्रही तसेच एकूण ठसा ओळखते. मात्र त्याला तो आधी शिकवावा लागतो. कोणता श्वास कॅन्सरच्या रुग्णाचा, हे शिकवताना ठरवतो बायोप्सीचा रिपोर्ट. म्हणजे पुन्हा खानोलकरांचेच शास्त्र. शिवाय सिगारेट, जेवण, इतर आजार यांनीही श्वास बदलतो. म्हणून हे यंत्र अजून संशोधनात आहे, नेहमीच्या निदानाचा भाग झालेले नाही.

तेव्हा दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही असेल तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटल्यास छोटा तुकडा तपासायला काढतील. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. आणि पुढे मुंबईला किंवा बांबोळीला जावे लागले, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा पाहतात.