निकोलस ऑटो आणि दट्ट्याचा माथा

मोटारीचा टायमिंग बेल्ट बदलताना मेकॅनिक आधी पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढतो, त्या भोकावर अंगठा धरतो आणि क्रँकशाफ्ट सावकाश फिरवतो. आतली हवा अंगठा ढकलू लागली, की दट्ट्या दाब देत वर येतो आहे हे कळते. मग पुलीवरची खूण इंजिनवरच्या खुणेशी जुळवली, की दट्ट्या अगदी माथ्यावर आला असे समजतात. गॅरेजच्या भाषेत हा ‘टीडीसी’. या बिंदूचे मोल ज्यांनी प्रयोगाने जाणले, ते निकोलस ऑटो इंजिनिअर नव्हते. ते फिरते विक्रेते होते.

ऑटो यांचा जन्म १८३२ मध्ये जर्मनीतल्या होल्त्सहाउझेन या खेड्यात झाला. वडील लवकर गेले. तंत्रशिक्षण न घेता ते व्यापारात शिरले आणि चहा, साखर विकत गावोगाव हिंडू लागले. त्याच सुमारास, १८६० मध्ये लेन्वार यांचे गॅसवर चालणारे इंजिन आले. त्यात गॅस आणि हवेचे मिश्रण न दाबताच पेटवले जाई, त्यामुळे गॅस फार लागे आणि शक्ती थोडी मिळे.

ऑटोंनी १८६१ मध्ये कोलोनच्या एका कारागिराकडून छोटे इंजिन बनवून घेतले. त्यांनी नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, एकदा मिश्रण आत ओढून घेतल्यावर त्यांनी चाक उलटे फिरवले, दट्ट्या परत माथ्यापर्यंत नेला आणि तिथे ठिणगी दिली. चाक जोराने अनेक फेरे फिरले. मिश्रण आधी दाबावे आणि दट्ट्या माथ्यावर असताना पेटवावे, ही कल्पना इथे रुजली. पण त्यावर बनवलेले इंजिन स्फोटांच्या धक्क्यांनी लवकरच मोडले.

मग त्यांनी वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये ऑयगेन लांगेन यांच्यासोबत कारखाना काढला. त्यांच्या इंजिनाला १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. ते गॅस कमी खाई. मात्र उंच, गोंगाटाचे आणि मोजक्याच शक्तीचे होते. म्हणून ऑटो जुन्या कल्पनेकडे वळले. १८७६ मध्ये त्यांचे फोर-स्ट्रोक इंजिन चालू झाले: मिश्रण आत घेणे, दाबणे, जळून ढकलणे आणि धूर बाहेर टाकणे. या चार टप्प्यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, म्हणजे दट्ट्या दोनदा माथ्यावर येतो. पेटवायचे ते दाबाच्या शेवटीच. दुसऱ्या वेळी सिलिंडरमध्ये फक्त जळका धूर असतो. मेकॅनिक भोकावर अंगठा धरतो तो हे दोन माथे ओळखण्यासाठीच. नुसत्या पुलीच्या खुणेवरून ते कळत नाहीत.

दहा वर्षांत अशी ३० हजारांहून अधिक इंजिने बनली. पण बो द रोशा या फ्रेंच इंजिनिअरने १८६२ च्या एका पुस्तिकेत हेच चार टप्पे मांडले होते. इंजिन मात्र बनवले नव्हते. त्या पुस्तिकेच्या आधारे १८८६ मध्ये जर्मन न्यायालयाने ऑटोंच्या पेटंटचा गाभा रद्द केला. आयुष्यभराच्या कामाचे श्रेय असे वादात सापडले, याचा घाव त्यांना खोल लागला. मात्र त्यामुळे हे तंत्र सर्वांना खुले झाले. त्याच वर्षी कार्ल बेंझ यांनी फोर-स्ट्रोक इंजिनाच्या मोटारीचे पेटंट घेतले.

ऑटो १८९१ मध्ये कोलोन येथे वारले. आज ठिणगी माथ्याच्या काही अंश आधीच देतात, कारण मिश्रण जळायला थोडा वेळ लागतो. फार आधी दिली तर दट्ट्याला उलटा धक्का बसतो, उशिरा दिली तर शक्ती वाया जाते. मात्र हे अंश मोजायचे ते माथ्यापासूनच. ठिणगीच्या या चक्राला आजही ‘ऑटो चक्र’ म्हणतात. न्यायालयाने काढून घेतलेले श्रेय पाठ्यपुस्तकांनी त्यांना असे परत दिले.