विरोधकांशी मैत्र जोडणारे लेखक : जी. के. चेस्टरटन

देव मानत नाही असे उघडपणे सांगणारा माणूस भेटला की आपण ख्रिस्ती लोक बहुधा दोनपैकी एक काहीतरी करतो. विषय बदलतो, नाहीतर आवाज चढवतो. कॉलेजात जाणारी आपली मुले घरी येऊन श्रद्धेविषयी अडचणीचे प्रश्न विचारतात, तेव्हाही हेच होते. अशा वेळी आम्हांला इंग्लंडमधील एका लेखकाची आठवण येते. त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ आपल्या पिढीतील नामवंत नास्तिकांशी जाहीर वाद घातला आणि त्यांतल्या कित्येकांना जन्माचे मित्र करून ठेवले. फादर ब्राऊन या धर्मगुरूच्या गुप्तहेरकथा आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. त्यांचेच हे लेखक, गिल्बर्ट कीथ चेस्टरटन.

त्यांचा जन्म २९ मे १८७४ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागात झाला. वडिलांचा घरे-जागा विकण्याचा व भाड्याने देण्याचा पिढीजात व्यवसाय होता. घरात पुस्तके होती, चित्रे होती, वडिलांनी स्वतः बनवलेले खेळण्यातले नाटकघर होते. बाप्तिस्मा चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झाला खरा, पण घरातली धार्मिकता बेताचीच. शाळेनंतर चित्रकला शिकण्यासाठी ते स्लेड स्कूलमध्ये गेले आणि त्या वर्षांत त्यांचे मन फार काळवंडले. प्लँचेटचा नाद लागला. बाहेरचे जग खरे आहे की सारा आपल्याच मनाचा खेळ आहे, असे वाटू लागले. आपल्याला वेड लागते की काय, अशी भीती त्यांना वाटत होती. त्यातून ते बाहेर आले ते एका अगदी साध्या विचाराच्या आधाराने. आपण आहोत, हे झाड आहे, हा रस्त्यावरचा दिवा आहे, हे काहीही नसते तरी चालले असते. म्हणजे जे आहे ते सारे देणगीदाखल मिळाले आहे. देणगी मिळाली तर आभार मानायला हवेत. पण कोणाचे? हा प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला.

गंमत अशी की त्यांना श्रद्धेच्या वाटेवर आणले ते प्रवचनांनी नव्हे, तर नास्तिकांच्या पुस्तकांनी. हक्स्ली, स्पेन्सर, ब्रॅडलॉ यांचे लेखन त्यांनी मन लावून वाचले. एक टीकाकार म्हणे की ख्रिस्ती धर्म माणसाला मेंढरासारखा दुबळा करतो. दुसरा म्हणे की या धर्माने जगात सर्वांत जास्त युद्धे केली. एकाच्या मते तो फार उदास, तर दुसऱ्याच्या मते खोट्या आशेवर जगवणारा. एकाच माणसाला कोणी फार उंच म्हणत असेल आणि कोणी फार बुटका, तर कदाचित तोच योग्य उंचीचा असेल आणि म्हणणारेच वेगवेगळ्या मापांचे असतील, असा संशय चेस्टरटनना येऊ लागला. त्याच सुमारास त्यांची फ्रान्सेस ब्लॉग यांच्याशी भेट झाली. धर्म नुसता न चर्चिता रोज पाळणारी माणसे त्यांच्या वर्तुळात फारशी नव्हती. फ्रान्सेस तशा होत्या. २८ जून १९०१ रोजी त्यांचा विवाह झाला. त्यांना मूलबाळ झाले नाही. हे दुःख दोघांनी मुकाट्याने सोसले, आणि पुढे त्यांचे बीकन्सफिल्डचे घर शेजारच्या मुलांनी कायम भरलेले असे.

आता त्या पहिल्या मोठ्या वादाविषयी. रॉबर्ट ब्लॅचफर्ड हे 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाचे संपादक. मँचेस्टरच्या गलिच्छ वस्त्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या आणि गरिबांविषयी त्यांचा कळवळा खरा होता. १९०३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्मावर जोरदार हल्ला चढवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस घडतो तो आनुवंशिकतेने आणि परिस्थितीने, तेव्हा पाप असे काही नाही आणि कोणालाही दोष देता येणार नाही. एक गोष्ट मात्र ब्लॅचफर्ड यांच्या मोठेपणाची सांगायला हवी. उत्तर देऊ इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांना त्यांनी आपल्याच पत्राची पाने खुली करून दिली. आपल्यापैकी कोणता संपादक आज एवढे करील, याचा आम्हांला प्रश्नच पडतो!

चेस्टरटन तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते. १९०४ साली त्यांनी जी उत्तरे लिहिली त्यांत ब्लॅचफर्ड यांच्या कळवळ्याची टिंगल नाही. उलट तो कळवळा खरा मानूनच ते पुढे जातात. गुन्हेगाराला दोष देता येत नाही हे कबूल केले, तर मग पिळवणूक करणाऱ्या गिरणीमालकाला तरी दोष कसा देणार? तोही आनुवंशिकतेने आणि परिस्थितीनेच घडलेला. त्याला सुधारा, पश्चात्ताप करा, असे सांगण्यात काय अर्थ? ज्याला दोष देता येत नाही त्याला शाबासकी देता येत नाही, त्याचे आभारही मानता येत नाहीत. गरिबाला वाचवायला निघालेला विचार शेवटी त्याची माणुसकीच काढून घेतो, असा त्यांचा मुद्दा होता. वादाची ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते. समोरच्याच्या मनात जे चांगले आहे तिथूनच सुरुवात करायची आणि ते चांगलेपण त्याच्या मताने टिकते का, हे त्यालाच पाहायला लावायचे.

१९०५ साली 'हेरेटिक्स' निघाले. त्यात त्यांनी शॉ, वेल्स, किपलिंग अशा समकालीनांच्या विचारांची झाडाझडती घेतली. तेव्हा एका परीक्षकाने चिमटा काढला की दुसऱ्यांची तत्त्वज्ञाने तपासणाऱ्याने आधी स्वतःचे सांगावे. चेस्टरटनना चिथावणी लागतच होती कुठे? १९०८ साली 'ऑर्थोडॉक्सी' प्रसिद्ध झाले. हे पुस्तक लिहिताना ते अजून कॅथलिक झाले नव्हते, हे वाचताना ध्यानातही राहत नाही.

त्यांच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांत जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची जोडी लोकांना फार आवडे. शॉ सडपातळ, शाकाहारी, दारूला न शिवणारे. चेस्टरटन सहा फुटांहून बरेच उंच, वजन सव्वाशे किलोच्या पुढे, अंगावर लांब झूल, हातात काठी, खाण्यापिण्याची मनापासून आवड. विसरभोळे इतके की व्याख्यानाला निघाल्यावर भलत्याच गावी उतरून आपण खरे कुठे असायला हवे, हे बायकोला तारेने विचारत. दोघांत संपत्ती, मद्य, देव, विज्ञान या साऱ्यांवर वाद झाले. १९०९ साली चेस्टरटननी शॉ यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि त्याचे परीक्षण खुद्द शॉ यांनीच केले. १९२७ साली लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये दोघांचा वाद झाला तेव्हा अध्यक्षस्थानी हिलेअर बेलॉक हे कॅथलिक लेखक होते. इतक्या वर्षांत एकाने दुसऱ्याचे मत बदलले असे काही झाले नाही. मैत्रीही तुटली नाही.

एच. जी. वेल्स यांच्याशीही तसेच. वेल्स यांच्या जगाच्या इतिहासात माणूस म्हणजे हुशार झालेला प्राणी आणि येशू म्हणजे अनेक थोर शिक्षकांपैकी एक. त्याला उत्तर म्हणून १९२५ साली 'द एव्हरलास्टिंग मॅन' निघाले. गुहेत राहणारा माणूस भिंतीवर चित्र काढतो, प्राणी काढत नाही; हा फरक थोडाथोडा वाढत आलेला नाही, असे चेस्टरटन तिथे दाखवून देतात. ऑक्सफर्डचे एक तरुण प्राध्यापक तेव्हा नास्तिक होते. ख्रिस्ती दृष्टीने मांडलेला इतिहास सुसंगत असू शकतो, हे त्यांना हे पुस्तक वाचून प्रथमच जाणवले. १९३१ साली ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. त्यांचे नाव सी. एस. लुईस.

स्वतः चेस्टरटन कॅथलिक ख्रिस्तसभेत यायला मात्र फार वेळ लागला. १९०४ साली यॉर्कशायरमध्ये फादर जॉन ओ'कॉनर या आयरिश धर्मगुरूंशी त्यांची ओळख झाली. माळरानावरून चालताना समाजातील काही ओंगळ गोष्टींचा विषय निघाला आणि चेस्टरटनना धक्काच बसला. हा शांत, साधा पाद्री माणसाच्या दुष्टपणाविषयी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक जाणत होता. त्यानंतर घरी केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. फादर निघून गेल्यावर ते म्हणाले की बिचाऱ्या धर्मगुरूंना खऱ्या जगाची काय कल्पना! चेस्टरटनना हसू आवरेना. रोज पापनिवेदन ऐकणारा माणूस आणि ही दोन कोवळी पोरे! तिथेच फादर ब्राऊनचा जन्म झाला. पहिला कथासंग्रह १९११ साली निघाला. गुन्हेगाराच्या मनात शिरून, मीही हे करू शकलो असतो असे कबूल करून गुन्हा उलगडणारा हा गुप्तहेर आहे.

१९१४ च्या अखेरीस चेस्टरटन मरणाच्या दारात होते. कित्येक आठवडे शुद्ध नव्हती. त्यातून बरे झाल्यावरही निर्णय लांबतच गेला, कारण फ्रान्सेस यांना मागे टाकून जाणे त्यांना जिवावर येत होते. अखेर ३० जुलै १९२२ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, फादर ओ'कॉनर यांच्या हस्ते त्यांचा कॅथलिक ख्रिस्तसभेत स्वीकार झाला. बीकन्सफिल्डला तेव्हा कॅथलिक चर्च नव्हते. रेल्वे हॉटेलच्या पत्र्याच्या छपराच्या खोलीत तो विधी पार पडला. फ्रान्सेस बाजूला बसून रडत होत्या. चार वर्षांनी त्याही आल्या. कॅथलिक का झालात असे विचारणाऱ्यांना चेस्टरटन सरळ सांगत की आपल्या पापांपासून सुटका व्हावी म्हणून. एवढ्या मोठ्या बुद्धिवंताने दिलेले हे उत्तर ऐकून त्यांच्या काही मित्रांची निराशा झाली असावी.

जाता जाता आपल्या देशाशी असलेला एक धागा. सप्टेंबर १९०९ मध्ये त्यांनी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये हिंदी राष्ट्रवादावर लेख लिहिला. हिंदी लोकांनी इंग्रजी संस्थांची नक्कल मागण्यापेक्षा स्वतःचे काही मागावे, असा त्याचा रोख होता. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. लेख वाचून ते प्रभावित झाले आणि 'इंडियन ओपिनियन'च्या वाचकांना त्यांनी त्यातला आशय गुजरातीत सांगितला. त्याच नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिले.

चेस्टरटन यांचे एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. १९१२-१३ च्या मार्कोनी प्रकरणात काही मंत्र्यांवर शेअर-खरेदीचे आरोप झाले. त्यांत रूफस आयझॅक्स होते, जे पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. त्यांचे भाऊ गॉडफ्री कंपनीचे प्रमुख. गिल्बर्ट यांचा धाकटा भाऊ सेसिल याने प्रकरण लावून धरले, आणि गॉडफ्री यांच्या बदनामीबद्दल त्याला दंड झाला. सेसिल १९१८ साली फ्रान्समधील लष्करी इस्पितळात वारला. त्या दुःखात गिल्बर्ट यांनी रूफस यांना जे उघड पत्र लिहिले, त्यात वैयक्तिक रागाबरोबर यहुदी समाजाविषयीची कटुताही उतरली. १९२० च्या एका पुस्तकात तर सार्वजनिक पदावरील यहुद्यांनी अरबी पोशाख घालावा, असे ते लिहून गेले. शाळेत त्यांचे जवळचे मित्र यहुदी होते. हिटलरने छळ सुरू केल्यावर त्यांनी त्याचा निषेध केला, हेही खरे. पण शॉ समोर असताना जी दृष्टी त्यांच्यापाशी होती, ती एका साऱ्या समाजाविषयी लिहिताना त्यांना राहिली नाही. २०१३ साली नॉर्दॅम्प्टनच्या बिशपांनी त्यांच्या संतपदाच्या शक्यतेची चौकशी सुरू करवली. २०१९ साली बिशप पीटर डॉयल यांनी हे प्रकरण पुढे न नेण्याचे जाहीर केले. स्थानिक भक्तीचा अभाव, वैयक्तिक प्रार्थनाजीवनाचा स्पष्ट मागमूस नसणे आणि यहुद्यांविषयीचे लेखन, अशी कारणे त्यांनी दिली. चेस्टरटनप्रेमींना वाईट वाटले. आमच्या मते बिशपांचा निर्णय योग्यच होता.

शेवटची वर्षे कामातच गेली. १९३१ च्या जानेवारीत न्यू यॉर्कमध्ये क्लॅरन्स डॅरो या प्रसिद्ध अज्ञेयवादी वकिलांशी वाद झाला आणि श्रोत्यांनी मतदानात कौल चेस्टरटनना दिला. १९३२ पासून बीबीसीवर त्यांची भाषणे होऊ लागली. १९३३ साली संत थॉमस अॅक्वायनसवरील छोटे पुस्तक आले. स्वतःचे साप्ताहिक तोट्यात चालत होते आणि त्याची भरपाई करायला फादर ब्राऊन पुन्हा कामाला लागे.

१९३६ च्या जूनमध्ये हृदय थकले. डॉमिनिकन फादर व्हिन्सेंट मॅकनॅब भेटायला आले. त्यांनी बिछान्याशी उभे राहून मरियामातेचे साल्वे रेजिना गायिले आणि उशाजवळच्या टेबलावर पडलेले लेखणीचे चुंबन घेतले. १४ जून, रविवारी सकाळी चेस्टरटन गेले. पोप अकरावे पायस यांनी शोकसंदेश पाठवला आणि वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली.

फ्रान्सेस यांना आलेल्या पत्रांत एक ऐंशीच्या घरातल्या शॉ यांचेही होते. गिल्बर्टपेक्षा १८ वर्षांनी मोठा असून मी मागे राहावे हे अगदीच विचित्र आहे, असे त्यांनी कळवले होते. आणि पैशांची काही अडचण असेल तर एका कार्डावर नुसता आकडा लिहून टाका, तेवढे पुरे, असेही.