शंकर पुरुषोत्तम आघारकर

पावसाळ्यात कोकणातील जांभ्या दगडाचा एखादा जुना गडगा जवळ जाऊन पाहिला, तर त्यावर राखी, पोपटी, पांढुरके असे पुष्कळ डाग दिसतात. सुपारीच्या आणि आंब्याच्या खोडांवरही तसलेच ठिपके असतात. चुन्याचे शिंतोडे उडाले असावेत, असे वाटून आपण पुढे जातो. वस्तुतः ते डाग सजीव आहेत. त्यांना शैवाक म्हणतात. आपल्या घरच्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल घालतात, तेही एक शैवाकच होय. अशा उपेक्षित जिवांची ओळख पटवून त्यांना नावे देण्याचे मोठे काम महाराष्ट्रात ज्या संस्थेत झाले, ती संस्था उभारणारा पुरुष या किनाऱ्यावरच जन्मला होता.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. परंतु १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात उच्च शिक्षण पुरे करून आघारकर तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. तथापि केवळ पुस्तकावरून शिकविणे त्यांच्या वृत्तीला मानवणारे नव्हते. सवड मिळताच ते सह्याद्रीच्या वाटा धरीत आणि तेथील झाडेझुडपे व जीवजंतू न्याहाळीत हिंडत.

अशाच भ्रमंतीत, १९११ च्या सुमारास, त्यांना पश्चिम घाटातून वाहणाऱ्या नदीत एक नवल आढळले. समुद्रात छत्रीच्या आकाराचा, पाण्यासारखा पारदर्शक असा एक प्राणी असतो. त्याला इंग्रजीत जेलीफिश म्हणतात. आपल्याकडील कोळी त्याला झार म्हणतात. तशाच बांध्याचा एक चिमुकला प्राणी येथे नदीच्या गोड्या पाण्यात तरंगत होता! या जातकुळीचे प्राणी तोपर्यंत फक्त आफ्रिकेतच सापडतात, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. मग तो सह्याद्रीच्या पाण्यात आला कोठून? अमुक जीव अमुक ठिकाणीच का राहतो आणि तेथवर तो कसा पोहोचतो, या प्रश्नाने आघारकरांना एकदा जे पछाडले, ते कायमचेच.

पुढे कलकत्ता विश्वविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनावर त्यांची निवड झाली आणि अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले. ते १९१४ साल होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. हिंदुस्थान तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असल्यामुळे हिंदी माणूस हा जर्मनीच्या लेखी शत्रूच्या राज्यातला प्रजाजन ठरला. आघारकरांना स्थानबद्ध करण्यात आले. वय अजून तिशीच्या आत, घर हजारो मैल दूर, आणि युद्ध केव्हा संपेल हे कोणालाच ठाऊक नाही, अशी ती अवस्था होती. पुष्कळांनी अशा वेळी अभ्यासाला रामराम ठोकला असता. आघारकरांनी तसे केले नाही. बर्लिन येथे राहून १९१९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट ही पदवी मिळविलीच. वायव्य भारतातील रुक्ष व खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती मुळात कोठल्या आणि त्यांची बीजे तेथवर कशी पोहोचली, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. सह्याद्रीतील नदीकाठी पडलेला प्रश्न त्यांनी बर्लिनपर्यंत नेला, असेच म्हटले पाहिजे.

त्याच वर्षी, त्याच बर्लिन शहरात एक वृद्ध शास्त्रज्ञ निवर्तले. त्यांचे नाव सिमोन श्वेंडेनर. आपल्या गडग्यावरील डागांचे कोडे यांनी सोडविले होते, म्हणून थोडे आडवळण घेऊन त्यांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. शैवाक ही एकच वनस्पती आहे, असे पूर्वी सारे मानीत. सूक्ष्मदर्शकातून पाहता श्वेंडेनर यांना दिसले की, ती एक नाही, दोन आहेत! बाहेरचा सांगाडा कवकाचा, म्हणजे बुरशीच्या कुळातला. आणि त्याच्या तंतूंच्या जाळीत हिरव्या शैवलाच्या पेशी दडलेल्या. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. कवकाला ते साधत नाही; उलट ते शैवलाला आसरा देते आणि ओलावा राखते. १८६७ मध्ये त्यांनी हे मत मांडले, तेव्हा शैवाकांचे मोठमोठे जाणकार त्यांच्यावर तुटून पडले. आपण जन्मभर ज्याला एक जीव मानले ते दोघांचे बिऱ्हाड आहे, हे ऐकून घेणे त्यांना फार जड गेले. मत मात्र खरेच ठरले.

१९२० मध्ये आघारकर मायदेशी परतले. कलकत्त्यास त्यांनी १९४६ पर्यंत वनस्पतिशास्त्र शिकविले. वय ६१ वर्षांचे झाले होते. स्वस्थ बसावे असेच ते वय. परंतु त्यांच्या मनात निराळेच होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था कलकत्त्यास होती. तशी संस्था महाराष्ट्रात का असू नये? १९४६ मध्येच पुण्यास 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' स्थापन झाली आणि आघारकर तिचे संचालक झाले. संस्थेला स्वतःची वास्तू नव्हती. विधी महाविद्यालयाच्या इमारतीत तिला जागा मिळाली आणि कायद्याच्या वर्गांशेजारी प्रयोगशाळा सुरू झाली. २ सप्टेंबर १९६० रोजी आघारकरांचे निधन झाले. तोवर ते या संस्थेसाठीच राबत होते.

शैवाक हा आघारकरांचा स्वतःचा विषय नव्हता. परंतु त्यांच्या पश्चात संस्थेतील डॉ. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला मखीजा आणि त्यांचे सहकारी हातोडी, छिन्नी व कागदी पाकिटे घेऊन सह्याद्रीच्या रानांत हिंडले. काही शैवाके दगडाला किंवा सालीला खरपुडीसारखी घट्ट चिकटलेली असतात. ती दगडासकट फोडूनच आणावी लागतात. काही दगडफुलासारखी पानाच्या आकाराची, तर काही फांदीवरून दाढीसारखी लोंबणारी. 'ग्राफिस' नावाच्या शैवाकांवर बारीक काळ्या रेषा असतात; पाटीवर लहान मुलाने अक्षरे गिरवावीत, तशा त्या दिसतात. जगात शैवाकांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि भारतात २,००० हून अधिक. शैवाकाला जे नाव मिळते ते त्यातील कवकाचे. बिचाऱ्या शैवलाचे नाव वेगळेच राहते.

शैवाकांना मुळे नसतात. पाऊस आणि हवा यांतून मिळेल तेवढ्यावर ती जगतात. उन्हाळ्यात वाळून निपचित पडतात आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवी होतात. काहींची वाढ वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर असते. मात्र धुराने हवा बिघडली की त्यांतील पुष्कळशी नाहीशी होतात. म्हणून एखाद्या गावाची हवा कशी आहे, हे झाडांच्या खोडांवरूनही जाणता येते.

१९९२ पासून विज्ञानवर्धिनीच्या या संशोधनशाळेला 'आघारकर संशोधन संस्था' असे नाव आहे. ती पुण्यात ज्या रस्त्यावर उभी आहे, त्याला समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आहे. त्यामुळे आघारकर आणि आगरकर यांत नवख्या माणसाचा नेहमी घोटाळा होतो. संस्थेच्या संग्रहात सह्याद्रीतून आणलेली शैवाके पाकिटांत घालून ठेवली आहेत. कोणते शैवाक कोठल्या रानात, कशावर वाढत होते, याची नोंद त्यांच्याबरोबर आहे.