देहभार उतरवणारे बँटिंग

विल्यम बँटिंग (१७९६–१८७८) लंडनमध्ये अंत्ययात्रांची व्यवस्था पाहत. राजघराण्याची कामेही त्यांच्याकडे असत. साठी उलटल्यावर त्यांचे वजन २०२ पौंड झाले. वाकून बुटाची नाडी बांधता येईना. जिना उलट्या पावली उतरावा लागे. नाव वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली! १८६२ मध्ये कानाची तक्रार घेऊन ते डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वेंनी पाव, साखर, बटाटे, बिअर वर्ज्य करून मांस-मासळीवर भर दिला. सुमारे वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ मध्ये हा अनुभव छापून बँटिंग यांनी तो फुकट वाटला.

मित्रहो, त्यांनी हे डॉक्टरांच्या सल्ल्याने केले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास जादा प्रथिने बाधतात. अनुकरण करायचे, तर त्या सल्ल्याचेही करावे.