मेजर रॉबर्ट गिल

अजिंठ्याचीं लेणीं जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटरवर आहेत. आपण सकाळीं निघतों, लेणीं पाहतों व सायंकाळीं घरीं परततों. परंतु ज्या गृहस्थानें त्या परिसरांत आयुष्याचीं तीस वर्षांहून अधिक वर्षें वेंचिलीं आणि ज्याचें थडगें आपल्या भुसावळास आहे, त्याची हकीकत पुष्कळांस ठाऊक नसते. ती आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ सालीं झाला. तरुणपणींच ते मद्रासच्या फौजेंत दाखल होऊन हिंदुस्थानांत आले. शिपाईगिरीबरोबर त्यांच्या हातांत चित्रकलाही होती. १८१९ सालीं शिकारीस आलेल्या इंग्रज अंमलदारांच्या दृष्टीस अजिंठ्याचीं लेणीं पडलीं, तेव्हांपासून तेथील भित्तिचित्रांची कीर्ति पसरूं लागली होती. तीं चित्रें दिवसेंदिवस झडत चाललीं होतीं. म्हणून त्यांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं कंपनी सरकारनें गिल साहेबांची नेमणूक केली. अजिंठा गांवीं बिऱ्हाड करून त्यांनीं मोठमोठ्या कापडी पटांवर तैलरंगांत नकला उतरविण्यास आरंभ केला. लेण्यांत अंधार, भोंवतालीं दाट रान, आणि मदतनीस थोडे. तरी काम नेटानें चाललें. तयार झालेले पट विलायतेस रवाना होत.

१८५६ हें साल त्यांच्या आयुष्यांत दुःखाचें ठरलें. पारो नांवाच्या येथील स्त्रीवर त्यांचा फार जीव होता; ती त्या वर्षीं वारली. तिची कबर अजिंठा गांवीं आजही दाखवितात. त्याच सुमारास, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनीं फोटोग्राफीची नवी विद्या हातीं घेतली. हातांत मोबाइल धरून क्षणांत छायाचित्र काढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस त्या वेळचे श्रम सहसा कळावयाचे नाहींत. कांचेच्या तावदानावर कलोडियनचा लेप द्यावयाचा, तें रौप्यक्षारांत बुडवावयाचें, आणि लेप ओला आहे तोंवरच चित्र घेऊन अंधाऱ्या जागेंत तें धुवावयाचें! खानदेशच्या उन्हांत तो लेप किती लवकर सुकत असेल याची कल्पना करावी.

गिल साहेबांनीं यांतही द्विनेत्री पद्धत पत्करली. आपल्या दोन डोळ्यांमध्यें जेवढें अंतर असतें, सुमारें तेवढ्याच अंतरावरील दोन भिंगांतून एकाच वस्तूचीं दोन चित्रें घ्यावयाचीं. तीं विशिष्ट दुर्बिणींतून पाहिलीं कीं दोन्ही मिळून एक होतात व खांब, मूर्ति, कमानी पुढें उठून दिसतात. त्या काळच्या फोटोस रंग उमटवितां येत नसे. इतकेंच नव्हे, तर तांबडे व पिवळे रंग काळपट दिसत. म्हणून भित्तिचित्रांस कुंचलाच हवा; परंतु कोरीव कामाची खोली दाखविण्यास ही पद्धत उत्तम होती. १८६४ सालीं त्यांच्या छायाचित्रांचीं दोन पुस्तकें जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह लंडनांत प्रसिद्ध झालीं. एकांत ७४ छायाचित्रें होतीं, दुसऱ्यांत १०० द्विनेत्री चित्रें.

पुढें दोनच वर्षांनीं मोठा घाला पडला. त्यांचे बहुतेक पट लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेले होते. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली व वर्षांनुवर्षांची मेहनत जळून गेली. मोजकेच पट वांचले. साठी उलटलेल्या माणसानें अशा वेळीं हात टेंकले असते तर त्यास कोण दोष देता? परंतु गिल साहेबांनीं पुन्हां कुंचला उचलला आणि लेण्यांची वाट धरली. अखेर १८७९ सालीं त्यांचा अंत झाला व भुसावळ येथें त्यांस मूठमाती मिळाली.

कुंचल्याचें काम बहुतेक गेलें. परंतु मागाहून शिकलेल्या विद्येनें काढलेलीं छायाचित्रें राहिलीं. दीडशें वर्षांपूर्वीं तीं लेणीं कशीं होतीं हें आज त्यांवरून अभ्यासकांस कळतें. एक कला चांगली अवगत असतांही उतारवयांत दुसरीचे धडे गिरविण्यास ते लाजले नाहींत, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, पुढील खेपेस मुलांस अजिंठ्यास नेतांना वाटेंत भुसावळास घटकाभर थांबावें, व ज्यानें आपल्या शेजारच्या ठेव्यासाठीं जन्म वेंचिला त्याच्या थडग्यावर दोन फुलें वाहावीं.