शंखशिंपल्यांचे अर्थशास्त्र

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांच्या चरित्राकडे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वळावे, याला कारण आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात त्यांनी माँटेसरी पद्धती आत्मसात केली. परंतु तिची महागडी साधने गरिबाच्या मुलास परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डीस त्यांनी शंख, शिंपले, बिया, पाने यांनाच साधने केले. बी चिमटीत धरता धरता मुलाची बोटे लेखणीसाठी तयार होतात. (बोटे वळण्यापूर्वीच हाती पेन्सिल देणाऱ्या शाळांना आपल्या संभाजीनगरातील पालक भरमसाट शुल्क मोजतात, ते निराळेच!) मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत पोहोचले.